रजा आणि मोडा

मुळशीत नोकरीला होते त्या वर्षांत मी नेमकं काय काम करते हे माझ्या आईला कधीच कळलं नाही. खरं सांगायचं तर सुरुवातीला मलाही कळलं नव्हतं. हुद्दा होता 'कामगार कल्याण अधिकारी'. शेजारणींना सांगताना आईची त्यावर जीभ अडखळायची आणि शेवटी "मास्तरीणच म्हणा ना" असं म्हणून ती मोकळी व्हायची. कारखान्यातल्या बायका मला कल्याणबाई म्हणत. त्यातल्या बऱ्याचजणींची समजूत अशी होती की मी कल्याण गावची आहे. मी पुण्याची, सदाशिव पेठेतली. कल्याणला मी तोवर पाऊलही ठेवलं नव्हतं. पण किती जणींना समजावणार?

पौडच्या पुढे, रस्त्यापासून जरा आत, नदीच्या अंगाला तो कारखाना होता. कापडगिरण्यांत सूत गुंडाळायला लागणाऱ्या लाकडी बॉबिनी तिथे होत. डोंगरातून हेदूचं, कळंबाचं लाकूड उतरायचं, ते चिरायचं, वाळवायचं आणि लेथवर कातायचं. लेथवर पुरुष असत, बहुतेक भरे, पिरंगुट या गावांकडचे. घरची शेती सांभाळून येणारे, अंगात पैरण आणि डोक्याला टोपी. कातलेली बॉबिन पॉलिश कागदानं घासून तेलात बुडवायचं काम बायकांचं. त्यांतल्या काही पौडातल्या, काही वरच्या वाड्यांवरून सकाळी चालत उतरणाऱ्या. आणि सगळीकडे भुसा. केसांत, भाकरीत, चहात. घरी जाऊन पदर झटकला की त्यातूनही भुसा पडायचा.

मला का नेमलं होतं, तर असा एक अधिकारी ठेवावा लागतो असं कुणीतरी मालकांच्या कानावर घातलं होतं. ठेवला. पुढे त्याचं काय करायचं हे कुणी सांगितलं नव्हतं. मॅनेजर पुण्याहून मोटारसायकलवर येत. हुशार गृहस्थ, हिशोबाला पक्के, पण माझ्याशी बोलताना भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत. पहिल्याच आठवड्यात मी विचारलं, माझं काम काय? ते म्हणाले, "पिण्याच्या पाण्याचे माठ भरलेले असतात की नाही ते बघत जा." मी बघायला लागले. माठ रोज भरलेले असायचे, कारण ते भरणारी बाई आपलं काम चोख करायची. तिच्यावर देखरेख ठेवायला मी, आणि माझ्यावर हसायला सगळा कारखाना.

मला राग पटकन येतो. वडिलांचा होता, माझ्याकडे आला. मुंबईत राहून मी समाजकार्याचं शिक्षण घेतलं होतं, घरच्यांशी भांडून. लग्नाचं बघा म्हणणाऱ्या काकांना तोंडावर उत्तर देऊन आले होते. आणि आता माठात वाकून बघत होते. सकाळी पौडातल्या माझ्या भाड्याच्या खोलीत साडी नेसताना हात जड व्हायचे. कशासाठी उठायचं, हा प्रश्न मी भाकरी करताना स्वतःला मोठ्यानं विचारायचे, आणि पलीकडून घरमालकीण मावशी ओरडायच्या, "काय म्हनलात का ओ?"

मग मला तो खोकला ऐकू यायला लागला.

घासायच्या खोलीत खोकणाऱ्या पुष्कळ होत्या, पण हा वेगळा होता. कोरडा, खोल, आणि दाबून धरलेला. खिडकीपाशी एका खोक्यावर बसणारी वाडीवरची बाई होती. माझ्याच वयाची असेल, तिशीच्या आतबाहेरची. तिच्या वाडीतून कारखान्यात उतरलेली ती पहिली. नवरा झाडावरून पडून पायानं अधू झाला होता, म्हणून घर हिच्यावर. काम झपझप करायची, बोलायची जवळजवळ नाही. खिडकीच्या कट्ट्यावर तिचा पाण्याचा गडू असायचा, पितळेचा, पोचे आलेला. माठातलं पाणी ती पीत नसे. माझ्या देखरेखीचा तेवढाच एक उघड अपमान.

मी तिला बळेच पौडच्या डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टर म्हणाले, भुसा छातीत बसलाय, काही दिवस भुशापासून लांब ठेवा, नाहीतर पुढं अवघड होईल. मला एकदम हुरूप आला. हे वाचताना कुणाला वाईट वाटेल, पण खरं तेच सांगते. माठांपलीकडचं काहीतरी करायला मिळणार होतं. वर्षभर नीट काम केलेल्याला भरपगारी रजा कायद्यानंच मिळते, हे मला पाठ होतं. आमच्या कारखान्यात लेथवरच्या दोघातिघा शिकलेल्या पुरुषांनी ऑफिसात अर्ज देऊन ती घेतली होती. बायकांना ती असते हे कुणाच्या गावीही नव्हतं.

मॅनेजरांशी मी तीन-चार दिवस भांडले. शेवटी ते कॅलेंडरवरची नजर काढून माझ्याकडे बघत म्हणाले, "ठीक आहे. हिला देऊ. ही वेळेवर परत आली तर बाकीच्या बायकांचंही बघू. नाही आली, तर मात्र हा विषय तुम्ही पुन्हा काढायचा नाही. आणि हिची जागाही मी भरणार."

मी लगेच हो म्हटलं. न यायला काय झालं तिला?

त्याच दुपारी मी घासायच्या खोलीत गेले. आनंद माझ्या पोटात मावत नव्हता आणि आनंद झाला की मी जरा दरडावून बोलते, ही माझी सवय. सगळ्या बायकांसमोर म्हणाले, "ऊठ बघू. तुला रजा दिलीय. भरपगारी. आता दोन आठवडे इकडे फिरकायचं नाही. फिरकलीस तर माझ्याशी गाठ आहे!"

मला वाटलं होतं, हसेल. निदान लाजेल. तिनं हातातली बॉबिन अर्धी घासली होती, ती पुरी घासली. टोपलीत ठेवली. पदरानं खोका पुसला. खिडकीतला गडू उचलला, त्यातलं पाणी बाहेर ओतलं आणि माझ्या पाया पडून निघून गेली. बाकीच्या माना खाली घालून घासत राहिल्या. मला वाटलं, बायांना हेवा वाटतोय. गडू का घेऊन गेली, हे माझ्या मनात आलं आणि तसंच निघून गेलं. त्या रात्री मी आईला पाठवायच्या स्वेटरचं सगळं विणकाम उत्साहात उसवून पुन्हा नीट घातलं.

दोन आठवडे झाले. ती आली नाही. दुसऱ्या दिवशी नाही, तिसऱ्याही नाही. मॅनेजर माझ्या टेबलाजवळून जाताना "काय, कल्याण?" एवढंच म्हणत. तिच्या खोक्यावर नवीन बाई बसवायचं ठरत होतं. मी रोज सकाळी फाटकाशी उभी राहायचे आणि वाडीकडच्या पायवाटेवरून शेवटची बाई उतरेपर्यंत बघायचे. आधी काळजी वाटली, मग संताप आला. हिच्यासाठी मी शब्द टाकला आणि हिनं माझं तोंड काळं केलं, असं वाटलं. मग वाटलं, मेली तर नसेल?

त्यातच दुसरा प्रकार सुरू झाला. घासायच्या खोलीतल्या बायका एकेकटीनं मला गाठू लागल्या. एक म्हणाली, "बाई, माज्याकडनं काय चुकलं का? मला रजा नगं देऊ." दुसरी म्हणाली, "तुमी सांगाल ते करते, पर रजा नगं." तिसरी माझ्यासाठी घरून मूठभर वाल घेऊन आली. मी चिडले. म्हटलं, हक्काची गोष्ट नको म्हणता, वर हात जोडता, अशानं तुमचं काय भलं होणार? ती वाल तिथंच ठेवून पळाली. मला वाटायला लागलं, मॅनेजरांचंच खरं असेल. या लोकांसाठी काही करायला जाणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी.

राजीनामा द्यायचा असं ठरवूनच त्या रविवारी मी मावशींच्या ओसरीवर बसले होते. मावशी भुईमुगाच्या शेंगा फोडत होत्या. त्यांच्याकडे एक सालगडी होता, गोठ्यात नेहमी गुणगुणत असायचा. तो दिसला नाही म्हणून मी सहज विचारलं, गडी कुठं गेला?

"त्याला रजा दिली परवा," मावशी म्हणाल्या.

"कधी येणार?"

मावशींनी माझ्याकडे असं बघितलं की जणू मलाच काहीतरी झालंय. "आता कशाला यील? रजा दिली म्हनलं न्हवं. बैलाला मारायचा लई. दुसरा बघतुया आमी."

माझ्या हातातली शेंग तशीच राहिली. मी पुन्हा विचारलं, रजा म्हणजे? मावशी म्हणाल्या, "रजा मंजी रजा. जा म्हनायचं. हिशेब भागवायचा आन् जा म्हनायचं."

भागवायचा. भरपगारी. इकडे फिरकायचं नाही. मी स्वतःचं एकेक वाक्य आठवत गेले. सगळ्या बायकांसमोर, ऊठ म्हणून, हिशोब चुकता झाला म्हणून, पुन्हा तोंड दाखवलंस तर बघ म्हणून मी तिला हाकलली होती, आणि ती माझ्या पाया पडून गेली होती. यात चूक कुणाची, हे मला आजही सांगता येणार नाही. रजा हा माझाही शब्द होता आणि तिचाही. शाळेपासून मी तो एका अर्थानं वापरला, तिनं जन्मापासून दुसऱ्या. पण रडू मात्र मला आलं, आणि मावशींच्या समोर आलं. त्या बिचाऱ्या, गडी परत बोलावू का, असं विचारू लागल्या.

मी तशीच उठले आणि वाडीची वाट धरली. चढ चांगलाच होता. वाटेत कारवीची रानं, मधे मधे नाचणीची मोकळी झालेली वावरं, आणि खाली वळून बघितलं की नदीची पांढरी रेघ. वाडी म्हणजे कुडाची पाच-सहा घरं. ही माणसं मूळची इथली नव्हेत. धरणाचं पाणी चढलं तेव्हा खालचं गाव सोडून वर आलेली.

ती अंगणातच होती. गोधडीत भांडी बांधत होती. कोळशाच्या भट्ट्यांवर माणसं घेऊन जाणारा मुकादम आला होता, दुसऱ्या दिवशी घाट उतरून कोकणात जायचं होतं. भट्टीचा धूर आणि तिची छाती! मला बघून ती उभी राहिली आणि पदर डोक्यावर घेतला. तिची सासू उंबऱ्यात बसून होती, अगदी म्हातारी, पण आवाज खणखणीत.

मी धापा टाकतच विचारलं, "तू आली का नाहीस?"

"रजा दिली न्हवं तुमी," ती खाली बघून म्हणाली.

"अगं, तशी नाही! रजा म्हणजे... विश्रांती. तुझं काम तुझंच आहे. काही दिवस घरी राहायचं, मग परत यायचं. पगार चालू."

तिचा विश्वास बसला नाही. कसा बसावा? सासू म्हणाली, "काम न करता पगार कोन देतं बाय? आमच्या गावालाबी अशीच रजा दिली व्हती. म्हनले, जावा वर, तुमचं समदं बघतो. आजून कुनी बगाया आलं न्हाई."

मी अंगणात बसले, पाणी मागितलं. तिनं तोच गडू पुढं केला. पाणी पिताना माझं लक्ष दावणीला बसलेल्या एका बैलाकडे गेलं, आणि काहीतरी सांगायचं म्हणून मी म्हणाले, "हा बैल बघा. आज याला काम नाही, म्हणून काही तुम्ही याला विकला नाही ना? याला वैरण घातलीच ना?"

"आज कसं काम आसंल? आज मोडा न्हाई का," सासू म्हणाली. मग तिचं तिलाच काहीतरी सुचलं. ती माझ्याकडे बघायला लागली. "आगं बाय... तुज्या त्या कारखान्यात मोडा आसतो, आसं म्हनतीस व्हय?"

मोडा मला ठाऊक नव्हता. तिनंच सांगितला. ज्या दिवशी औत जुंपायचं नाही, बैलाच्या मानेवर जू ठेवायचं नाही, तो मोडा. गावानं ठरवलेला असतो आणि सगळे पाळतात. म्हातारी म्हणाली, "मोड्याला बैल बसून खातो. तू बसून का खातूस, आसं कुनी त्याला इचारतं का? दुसऱ्या दिशी त्योच बैल, त्येच जू." आणि सुनेकडे वळून ओरडली, "सोड ती गोधडी! ही बाय रजा न्हाई, मोडा म्हनतीया!"

ती हसली. मी तिला पहिल्यांदा हसताना बघितलं. हसता हसता खोकला आला आणि ती पाठमोरी झाली.

सोमवारी ती माझ्याबरोबर फाटकातून आत आली, गडू हातात घेऊन. मॅनेजरांनी घड्याळ बघितलं. म्हणाले, रजा संपल्यावर ती हजर झाली नाही, नियम तुम्हीच मला शिकवलात, आता मोडू नका. मी म्हणाले, तिला रजा कळलीच नव्हती. ते म्हणाले, "एवढा साधा शब्द कळत नाही, ही माझी जबाबदारी आहे का?" आणि मग मी जे बोलले ते लाकूड वाळवायच्या आवारापर्यंत ऐकू गेलं असं मला नंतर सांगण्यात आलं. मी मालक येईपर्यंत फाटकातून हलणार नाही म्हटलं, आणि खरंच तिच्या शेजारी दगडावर बसून राहिले. लेथवरची माणसं येता-जाता बघत होती. ती पुटपुटली, "बाई, तुमी जावा आत. तुमालाबी रजा देतील."

मालक दुपारी आले. मी सगळं सांगितलं, बैलासकट. ते मनापासून हसले. हसणारा माणूस नाही म्हणत नाही, हे मला ठाऊक होतं. त्यांनी तिला परत घ्यायला सांगितलं, तेलाच्या खोलीत, जिथे भुसा कमी, आणि बाकीच्या बायकांची रजाही मंजूर केली. पण जाताना मला बाजूला घेऊन म्हणाले, "बाई, एकदा ठरवा. तुम्ही कामगारांच्या की कारखान्याच्या?" मी म्हटलं, मला तर वाटत होतं दोन्ही एकच आहे. ते पुन्हा हसले, पण या वेळी कमी.

त्यानंतर मी रजा हा शब्द त्या कारखान्यात तोंडातून काढला नाही. "तुझा मोडा कधी घेतेस?" असं विचारू लागले. महिन्याभरात वाल आणणारी बाई स्वतः येऊन म्हणाली, "बाई, भावाचं लगीन हाय, माजा मोडा द्या." मग एकेक करून सगळ्याच. हळूहळू लेथवरचे पुरुषही मोडा म्हणायला लागले, आणि एकदा मॅनेजरांच्या तोंडून मी तो शब्द ऐकला, तेव्हा ते चपापले आणि कॅलेंडरकडे बघायला लागले. माझे हात सकाळी जड व्हायचे थांबले. फार मोठं काही केलं असं मी म्हणत नाही. तिचा खोकला पुरता गेला नाहीच. ती स्वतः मोडा घ्यायला शेवटपर्यंत कचरायची. अंगात ताप असला तरी यायची, आणि मी रागावले की म्हणायची, "मला ठावं हाय वो मोडा काय आसतो. पर भ्या वाटतं."

पुढच्या काही वर्षांत गिरण्या प्लास्टिकच्या बॉबिनी मागायला लागल्या. लाकूड येणं कमी झालं, लेथ एकेक बंद पडली. एका शनिवारी मालकांनी मला बोलावलं. खुर्ची दिली, चहा मागवला. फार गोड बोलले. "तुम्ही सध्या रजेवर जा बाई. जरा परिस्थिती सुधारली की आम्हीच बोलावतो."

मला वाईट वाटलं, पण फार नाही. सध्या, असं म्हणाले होते ना. आईकडे जाऊन राहीन, थांबलेलं वाचन होईल, असे बेतही मी टेबल आवरता आवरता केले. फणी, जुना स्वेटर आणि माझा चहाचा कप पिशवीत टाकला आणि निघाले.

ती तेलाच्या खोलीच्या दाराशी उभी होती, हात पुसत. माझ्या पिशवीतून कपाचा कान वर आला होता, तिकडे बघत होती.

"मोडा का रजा, बाई?"

"मोडा," मी म्हणाले. "मालक म्हणाले, परत बोलावतो."

ती म्हणाली, "मंग कप कशाला नेताय? मोड्याला कुनी आपला गडू घरी नेतं व्हय?"

तिनंच पिशवीतून कप काढून घेतला, पदरानं पुसला आणि आत जाऊन खिडकीच्या कट्ट्यावर आपल्या गडूशेजारी ठेवला.

मालकांचं बोलावणं कधी आलं नाही. कप मी परत मागवला नाही.